‘ऑर्डर मिळाली’ ही ओळ

गणपतीत मी लालबागच्या आमच्या घरी उकडीचे मोदक करून देते. फोनवर फोन येतात आणि हात उकडीत असतात, म्हणून म्हटलं ऑर्डर घ्यायला एक वेब पेजच करावं. जावास्क्रिप्ट मी साठी उलटल्यावर व्हिडिओ बघून शिकले. शिकवायला कोणी नव्हतं, हसायला घरचे सगळे होते.

लोकांना लिंक पाठवायच्या आधी घोडपदेवच्या माझ्या वहिनीला म्हटलं, तू ऑर्डर करून बघ. तिच्याकडे दीड दिवसाचा गणपती, नैवेद्याचे मोदक दरवर्षी माझेच.

तिचा फोन आला. "केली हो वन्सं, एकवीस मोदक. ‘ऑर्डर मिळाली’ असं आलंसुद्धा."

"अगं, इथे काहीच नाही आलं."

"मग बाप्पा काय माझ्या मोबाईलातले मोदक खाणार?"

मला डोळ्यांपुढे दिसायलाच लागलं. चतुर्थीच्या सकाळी माणसं डबे घेऊन दारात उभी, आणि मला त्यांची ऑर्डरच ठाऊक नाही! कुणाचा तरी नैवेद्य मोदकावाचून राहायचा.

कोड काढून बसले. एका ओळीत ऑर्डर पाठव, खालच्या ओळीत ‘ऑर्डर मिळाली’ दाखव. वरून खाली वाचलं तर अगदी बरोबर. पण पाठवायची ओळ नुसती पाठवणी करून मोकळी होते. उत्तरासाठी कोड थांबत नाही, खालची ओळ लगेच चालते. उन्हाळ्यात आपण मिरच्या मसाल्याच्या गिरणीत डंखावर कुटायला देतो आणि तेवढ्यात बाजार करून येतो, तसंच हे. मिरच्या दिल्या दिल्या कोणी घरी फोन करून मसाला झाला म्हणतं का? माझं पेज म्हणत होतं. वहिनीच्या खोलीत नेट धड पोचत नाही, ऑर्डर गेलीच नव्हती.

आधी मी काय केलं, ‘मिळाली’ थोडं उशिरा दाखवायचं ठरवलं. मग माझं मलाच हसू आलं. उशिरा बोललं म्हणून काय ते खरं होतंय? शेवटी ती ओळ उचलली आणि उत्तर आल्यावरच जो भाग चालतो त्यात ठेवली. उत्तर नाहीच आलं तर दाखवायचं, ‘ऑर्डर गेली नाही, पुन्हा करा’.

वहिनीला परत करायला लावलं.

"वन्सं, आता तर म्हणतंय गेलीच नाही! आधीचं बरं होतं, गोड तरी बोलत होतं."

"गॅलरीत जा आणि कर गं."

ती गेली. माझ्या स्क्रीनवर एकवीस मोदक उमटले, आणि मग फोनमधून तिचा आवाज आला, "मिळाली!"

मी सगळ्यांना लिंक पाठवून दिली आणि नारळवाल्याला फोन लावला.