जॅक माझ्या हातात होता

खरं सांगतो, असले अनुभव मी आजवर चुका काढायलाच वाचत आलोय. कुणी लिहिलं की बंद रेडिओ आपोआप वाजला, तर खाली माझी कॉमेंट ठरलेली — कपॅसिटर तपासा. फोनवर भलताच आवाज आला? क्रॉस कनेक्शन. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, धंदा मोबाईल अ‍ॅक्सेसरीजचा आणि स्वभाव वाद घालण्याचा... त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलोय याचं माझ्या बायकोला हसू येतंय. येऊ दे. जे घडलं ते जसंच्या तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

माझं दुकान माजलगावात, मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. हंगामात समोरून दिवसभर उसाचे ट्रॅक्टर जातात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर गाणी फुल्ल आवाजात. अशा जागी बसून मी इअरफोन तपासतो म्हणून लोक चेष्टा करतात. पण गिऱ्हाईक तरी कुठं बंद खोलीत बसून ऐकणार आहे? एसटीचा कंडक्टर, बीडच्या क्लासला जाणाऱ्या मुली, उसतोडीला निघालेलं जोडपं — वायरवाले इअरफोन हीच माणसं नेतात. स्वस्तात येतात, चार्जिंगची कटकट नाही. या लोकांना भंगार माल द्यायचा नाही, हा माझा नियम. म्हणून सॅम्पल आलं की आधी मी तपासणार, मगच ऑर्डर.

माझी पद्धत ठरलेली आहे. एक भजन, एक लावणी, एक बातम्यांचं रेकॉर्डिंग. भजनात गळा कळतो, लावणीत ढोलकी, बातम्यांत शब्द. मग जॅकजवळ, म्हणजे फोनात घालायच्या पिनेपाशी, वायर वीस-पंचवीस वेळा वाकवायची. आणि शेवटी कोरी चाचणी — जॅक कशालाच लावायचा नाही, हातात धरायचा, इअरफोनचे बोळे नुसते कानात घालून बसायचं. रस्त्याचा आवाज किती अडतो ते कळतं. रबर चांगलं असेल तर ट्रॅक्टरसुद्धा लांबून गेल्यासारखा वाटतो.

तर मागच्या हिवाळ्यातला सोमवार. सकाळचे सव्वाअकरा. बीडच्या एका होलसेलरचे एजंट मुजीबभाई नवीन सॅम्पल घेऊन काउंटरपुढं बसले होते. वयानं मोठे, दर पंधरा दिवसाला येणारे, घरच्यासारखे.

"काय म्हणतो मग? माल कडक हाय का न्हाई?"

"बास लई सोडलाय, मुजीबभाई. ढोलकी नुसती गुबगुबायलीय. बाईचा आवाज मागं पडायलाय."

"अरे पब्लिकला बासच पायजे!"

"पब्लिकला शब्दबी कळाय पायजेत की."

ते हसले आणि फोन बघायला लागले. मी जॅक फोनमधून काढला, उजव्या हाताच्या चिमटीत धरला आणि कोरी चाचणी सुरू केली. समोरून ट्रॅक्टर गेला, आवाज बराच दबला. वहीत लिहिलं — बाहेरचा आवाज चांगला अडतो. लिहून पेन खाली ठेवतोय, तोच —

"बाळूऽ... ए बाळू."

मी आधी जॅककडं पाहिलं. हातातच होता. फोन काउंटरवर, स्क्रीन बंद.

"दार उघड रे बाळू... गरगरायलंय मला."

डाव्या नाही, उजव्या नाही — दोन्ही कानांच्या मधोमध, जवळून, स्वच्छ. आवाज माझ्या आत्याचा होता. यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. शाळेची सगळी वर्षं मी तिच्याच घरी राहून काढलीत. ती अंगणवाडीत होती, तिनं एक हाक मारली की गल्लीतली सगळी लेकरं गप्प व्हायची. माझं नाव बालाजी. बाळू म्हणणारी ती एकटीच, आणि ते 'ळू' लांबवून म्हणणारीसुद्धा तीच.

पण मला घाम फुटला तो यासाठी नाही.

आत्याला आवाजच नाही. सहा वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर झाला आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याला पुढून छिद्र आहे, त्यातून श्वास घेते. कुजबुजसुद्धा निघत नाही. बोलायचं ते पाटीवर लिहून.

मी बोळे ओढून काढले.

"काय झालं बे? करंट बसला का?" मुजीबभाईंनी विचारलं.

"तुमी काही बोललात का?"

"मी? मी तर मेसेज बघायलो."

परत कानात घातले. काही नाही. लांबून गेल्यासारखी एक जीप, बस्स. एरवी मी तिथंच निकाल लावला असता — कान बंद झाले की मेंदू काहीबाही ऐकवतो, आठवणीतला आवाज असेल. तसं मी मनात म्हटलंही. तरी हात फोनकडं गेला.

आत्या फोनवर बोलू शकत नाही, पण आमची खूण ठरलेली आहे. मी रिंग द्यायची, तिनं कट करायची. कट केला म्हणजे ठीक आहे. मी रिंग दिली. पूर्ण वाजून थांबली. पुन्हा दिली. पुन्हा पूर्ण वाजली.

"मुजीबभाई, गाडी काढा."

"कुठं?"

"आत्याकडं."

"कावून? काय झालंय?"

"माहीत न्हाई. काढा तर!"

दुकान तसंच उघडं टाकून निघालो. पाच-सात मिनिटांचं अंतर. तिची मुलगी नोकरीला पुण्यात, त्यामुळे आत्या घरी एकटीच असते. दाराला आतून कडी. खिडकीतून पाहिलं तर मोरीजवळ नळाला पाणी आलेलं आणि घागर भरून वाहतेय. आमच्याकडं नळ पाच-सहा दिवसांनी येतो. आत्या जागेवर असती तर थेंब वाया गेला नसता. मी हाका मारत होतो — कोणाला मारत होतो कोण जाणे, ती उत्तर देणार कशी?

मुजीबभाईंनी मला बाजूला सारलं आणि दाराला खांदा दिला. तिसऱ्या धक्क्याला कडी उपटली. बाथरूमचं दारही आतून बंद, आणि आत गॅस गीझर भर्रर पेटलेला ऐकू येत होता. ते दार मी लाथेनं तोडलं.

आत्या भिंतीला टेकून बसलेली, मान छातीवर पडलेली. आंघोळीचं पाणी काढायलाच गेली असावी, लुगडं तसंच अंगावर होतं. थंडी लागते म्हणून झरोक्यात पोतं कोंबलेलं. मी तिला उचलून अंगणात आणलं, मुजीबभाईंनी गॅस बंद करून खिडक्या उघडल्या. पदर बाजूला करून मी तिच्या गळ्याच्या छिद्रापुढं हात धरला. बारीकसा वारा लागत होता. आयुष्यात त्याच्याइतकं चांगलं काही हाताला लागलेलं नाही...

रिक्षानं दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन नाकाला नाही, गळ्याला लावावा लागतो, हे मीच ओरडून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत गीझरचा गॅस कोंडला. "अजून थोडा उशीर झाला असता तर..."

आता तुम्ही काय लिहिणार ते मला माहीत आहे, कारण मीही तेच लिहिलं असतं. वायरनं रेडिओ पकडला? जॅक कशालाच जोडलेला नव्हता आणि आत्या रेडिओवर नव्हती. रस्त्यावरचा आवाज? मुजीबभाई उघड्या कानांनी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. भास? बरं, भास. पण तिला गरगरतंय हे माझ्या भासाला कुणी सांगितलं? तेच सॅम्पल मी नंतर कितीतरी वेळा कानात घालून बसलो, त्याच खुर्चीत, त्याच वेळेला. मुजीबभाईंनाही बसवलं. शेवटी एक बोळा उघडून पाहिला. आत साधा ड्रायव्हर म्हणजे चिमुकला स्पीकर, केसासारखी तांब्याची तार आणि तार ओढली जाऊ नये म्हणून मारलेली गाठ. इअरफोन म्हणून विचाराल तर ठीक आहे — बास जास्त, वायर गुंतते, माइक बरा, रबर उत्तम. माल घेतला, चांगला खपतोय. तसली तक्रार एकाचीही नाही.

आत्या चौथ्या दिवशी घरी आली. तिला यातलं काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण मुजीबभाईंनी तोवर सगळ्या गल्लीला सांगून टाकलेलं. दुपारी मी गीझरची नळी काढत होतो, तर तिनं हात धरून मला पुढ्यात बसवलं आणि पाटी घेतली.

"काय म्हणले मी?"

मी शब्दन् शब्द सांगितला. तिनं पुसून लिहिलं, "पडताना तुझं नाव मनात आलतं. पुढचं आठवत नाही."

मग पुन्हा, "आवाज घोगरा हुता का?"

ऑपरेशनच्या आधी वर्षभर तिचा आवाज बसत चालला होता. शेवटचा ऐकलेला तो तसाच, फाटका.

"न्हाई आत्या. साफ हुता. अंगणवाडीत हजेरी घ्यायचीस ना, तसा."

तिनं पाटी मांडीवर घेतली. मी म्हटलं, "हे कसं झालं ते मला सांगता येत न्हाई. लई डोकं लावलं, न्हाई येत."

तिनं मान हलवली, म्हणजे ते तिला नकोच होतं. पदरानं पाटी पुसली, सावकाश लिहिलं आणि माझ्याकडं फिरवली —

"मग माझा आवाज मला कावून ऐकू आला नाही?"

मी पाटी तिच्या हातात परत दिली आणि गीझरची राहिलेली नळी काढायला उठलो.