सोहारच्या डोंगरातलं सोनं

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता. फजिती माझीच झाली, कबूल. पण तिच्यात एक अभिमानाची गोष्टही आहे, तेव्हा मधेच उठायचं नाही!

तर माझे सासरे, अण्णा. सांगलीचे. उभा जन्म हळदीच्या व्यापारात गेला. बोलणं मोजकं आणि कौतुक त्याहून मोजकं. लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून माझ्यासाठी एक 'वा' निघालेला नाही! ते पहिल्यांदाच आमच्याकडे मस्कतला आले. मी त्यांना अल खौदचा फ्लॅट दाखवला. मी जिची देखभाल पाहतो ती कुरुमची बिल्डिंग दाखवली, जिथला प्रत्येक एसी माझ्या हुकमावर चालतो. अण्णांनी आत पाऊल टाकलं आणि म्हणाले, "गार आहे."

एवढंच. गार आहे!

मी मनाशी म्हटलं, थांबा. तुमच्याकडून 'वा' काढूनच तुम्हाला विमानात बसवतो.

इथल्या सोहार शहराच्या मागच्या डोंगरात तांब्याच्या फार जुन्या खाणी आहेत. तांब्याबरोबर थोडं सोनंही निघायचं म्हणे. माझ्या ऑफिसातला सलीम तिकडचाच. त्यानं सांगितलं, एक बोगदा डोंगराच्या आरपार जातो, पलीकडे खजुराची बाग आहे. झालं! शुक्रवारी सकाळी वरात निघाली. अण्णा, सासूबाई, माझी बायको स्मिता, आमची सहावीतली इरा आणि गाडी चालवायला सलीम.

बोगद्याच्या तोंडाशी सलीमनं मला बजावलं, "अर्बाब, सीधा जाना. बायें मत मुड़ना. मैं गाड़ी लेकर उधर आता है." तो मला थट्टेनं अर्बाब म्हणतो, म्हणजे मालक. मला ते आवडतं, आता काय करणार!

मी पाऊल टाकणार, तोच सासूबाईंनी अडवलं. "डोंगराच्या पोटात शिरायचं, आणि त्याला विचारायचं नाही?" त्यांनी पर्समधून हळदीकुंकवाचा करंडा काढला, तोंडाशी असलेल्या दगडाला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला.

"आजी, हा बॉक्स मी कॅरी करू?" इरानं विचारलं.

"घे बाई, पण सांडू नकोस."

कपाळावर टॉर्च बांधून मी पुढे. काय रुबाब माझा! "हे बघा अण्णा, छिन्नीच्या खुणा. इथं माणसं रांगत जायची." अण्णा नुसतं "हं" करत होते. थोड्या वेळानं फाटा आला. आता मला सांगा, सीधा म्हणजे कुठला? दोन्ही वाटा वाकड्या! डावीकडची जरा ऐसपैस दिसली.

"बाबा, सलीम अंकलनी लेफ्ट नको बोलले ना?"

"इरा, पुढे कोण आहे? बाबा आहे ना? मग झालं!"

स्मिता म्हणाली, "अहो, मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी सापडत नाही तुम्हाला." मी तिकडे साफ दुर्लक्ष केलं. पुढे आणखी फाटे आले आणि प्रत्येक ठिकाणी मी असा झटकन वळलो, जणू माझं आजोळच तिथं आहे.

आणि अचानक टॉर्चच्या उजेडात काळ्या दगडावर एक पिवळीधमक रेघ चमकली!

मी बोट रोखलं. "अण्णा... सोनं!"

"कशावरून?" अण्णा पुढे झाले.

"हात लावायचा नाही!" मी ओरडलो. "सरकारी मालमत्ता आहे. इथले कायदे कडक आहेत!"

"बाबा, ॲक्च्युअली ते..."

"आत्ता नाही इरा, बाबा बोलतोय!" मी मोबाईल काढून व्हिडिओच सुरू केला. "नमस्कार मंडळी! मी या क्षणी ओमानच्या सोन्यासमोर उभा आहे..." पुढच्या वळणावर आणखी एक रेघ! त्याच्या पुढच्यावर आणखी! "ही शीर आहे, शीर! सोन्याची शीर अशीच पळते!" ती शीर पकडून मी धावत सुटलो, मागून सगळं कुटुंब. थोड्याच वेळात समोर लख्ख ऊन.

"घ्या! डोंगर पार!" मी दोन्ही हात पसरले. बाहेर येताच रेंज आली आणि तो व्हिडिओ आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेला.

समोर सलीम गाडीला टेकून कहवा पीत होता.

"शाबास सलीम! एवढा वळसा घालून आमच्या आधी पोचलास?"

सलीमनं कप खाली ठेवला. "अर्बाब, मैं तो हिला भी नहीं."

मी वळून पाहिलं. बोगद्याच्या तोंडाशी दगड होता आणि दगडावर सासूबाईंचं ताजं हळदकुंकू.

इरा हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही लेफ्ट घेतला ना, तेव्हापासून मी प्रत्येक टर्नला हळद लावत होते. तुम्ही नेहमी हरवता म्हणून. आपण राउंड मारून परत आलो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले ना! मग तुम्ही सोनं सोनं करून बाहेरच्याच साइडला पळायला लागलात. म्हटलं, जाऊ दे."

अण्णांनी बोट नाकाशी नेलं. कायदा मोडून त्यांनी केव्हाच हात लावला होता! "आपल्याच दुकानातली आहे," ते शांतपणे म्हणाले. मग नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि कडाडले, "वा! वा इरा, वा!"

अहो, चक्क तीन! फजितीचं काय घेऊन बसलात, माझी छाती तिथंच फुगली. आंधळ्या बोगद्यातून पाच माणसं बाहेर काढणारी पोर कुणाची? माझी! मी अण्णांना तसं म्हणालोही. "शेवटी मुलगी माझीच ना, अण्णा!"

अण्णांनी क्षणभर विचार केला. "हो," ते म्हणाले. "तुमच्यामुळेच शिकली. रोज सराव होतो तिला."

हळदीचं कळल्यापासून मंडळाच्या ग्रुपवर अजून विचारणा होते, सोन्याची भाजी कधी खायला येऊ. पुढच्या शुक्रवारी आम्ही समुद्रकाठच्या सूर गावाला निघालो. मी ऐटीत स्टिअरिंगवर बसलो, तेवढ्यात अण्णांनी माझ्या शेजारचं दार उघडलं, पण स्वतः बसले नाहीत.

"इरा, तू पुढे बस," ते म्हणाले. "आणि करंडा घेतलास ना?"