पडद्यावरचा किल्ला

मानवतच्या फोटो स्टुडिओत पडदे रंगवणारा पेंटर चौथीपुढे शिकलेला नव्हता. ब्रश डाव्या बाहीला पुसायचा आणि कुणी चूक दाखवली की हसायचा. मी चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा पास झालेला, पण त्याच्यासारखं आभाळ मला कधी जमलं नाही. परदेशी कॅलेंडर बघून त्याने डोंगरावरचा पडका किल्ला रंगवला होता. खाली नदी, बुरुजांवर मावळतीचा उजेड. ते पाहून माझा जीव जळायचा.

पदवी मिळाली तेव्हा झगा घालून मी त्याच पडद्यापुढे वडिलांसोबत फोटो काढायला गेलो. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती वाहून त्यांनी मला शिकवलं होतं. ते किल्ल्याकडे बघतच राहिले.

"पेंटर, एवढ्या वर पाणी कुठून न्यायचे?"

"बाबा, ते नुसतं चित्र आहे," मी म्हणालो.

"न्हाई सर, काका खरं बोलायलेत. वाटच ऱ्हायली." त्याने ब्रश उचलून बुरुजापासून नदीपर्यंत पायवाट काढली.

"मधी वझं टेकवायला दगड बी ठिव," बाबा म्हणाले. त्याने दगडही काढला.

माझ्या चित्रांना बाबा नेहमी "लय चांगलं" म्हणायचे. विचारलं मात्र कधीच काही नाही.

फोटोग्राफरने तीनदा सांगूनही फोटोत बाबांची मान त्या दगडाकडेच वळलेली आली. पेंटरला तो फोटो फार आवडला. त्याने एक प्रत मागितली. मी "देतो" म्हणालो आणि कधीच दिली नाही.