थांबा, आजून हाय

"थांबा, आजून हाय," असं म्हणून ते उजवा हात वर करायचे. चर्चमध्ये गीत संपलेलं असायचं, टाळ खाली ठेवले जायचे, कुणी खोकायला तर कुणी पदर सावरायला मोकळं झालेलं असायचं, आणि तेवढ्यात तिसऱ्या ओळीतून हा हात वर यायचा.

अजून काय असायचं, ते सांगते. नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये मी पेटी वाजवते. शाळेत शिकवते, म्हणून सगळे मला बाईच म्हणतात. वाजवणं माझं बेताचंच. पण गीत संपलं तरी षड्जावरचं बोट मी लगेच उचलत नाही. भात्यात उरलेल्या हवेवर तो सूर बारीक होत जातो आणि मग संपतो. माझी आपली एक सवय. तो सूर शेवटपर्यंत ऐकणारा आख्ख्या मंडळीत एकच माणूस होता. माझ्या बोटाला हवा संपल्याचं कळायचं त्याच क्षणी त्यांचा हात खाली यायचा. कधी चुकला नाही.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. साखर कारखान्यात, ऊस चिरडणाऱ्या मिलपाशी त्यांची सगळी नोकरी गेली. माणूस भयंकर तापट. "घरी यायचे तवा मिल संगंच घिऊन यायचे," काकू सांगायच्या. काकूंनीच त्यांना ओढून चर्चमध्ये आणलं. पहिल्याच रविवारी उपदेश सुरू झाल्या झाल्या ते झोपले, आणि जागे झाले ते शेवटच्या गीतानंतरच्या त्या सुराला. हे त्यांनी स्वतःच पाळकसाहेबांना सांगितलं होतं. वर म्हणाले, "तुमच्या उपदेशात झोप लई ग्वाड लागती, साहेब."

एकदा मी विचारलं, "काका, एवढं काय ऐकता त्या एका सुरात?"

"कारखान्याचा आवाज अंगावर येतो, बाई. ह्यो अंगातून जातो. जाताना काय बाय घिऊन जातो." मग म्हणाले, "देव कुटं भेटतो मला म्हाईत न्हाई. पन ह्यो बारीक व्हत जातो ना, तितं कुनीतरी बसल्यालं असतंय."

काय काय घेऊन गेला तो सूर, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. सख्ख्या भावाशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं, एका तोडलेल्या लिंबाच्या झाडावरून. एका रविवारी सूर संपला, हात खाली आला, आणि काका उठून तरातरा भावाच्या घराकडे निघाले. काकूंचा जीव उडाला. त्यांनी दोन तरणे गडी मागे धाडले, "डोकी फोडत्याल रं एकमेकांची!" गडी पोचले तर दोघे भाऊ ओट्यावर बसून पिठलं-भाकरी खात होते. गड्यांनाही वाढलं म्हणे. त्यानंतर काकांनी कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही. एवढं बदललेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि त्यात माझ्या वाजवण्याचा काही वाटा आहे याचा मला, खोटं कशाला बोलू, गर्व होता.

मग एका रविवारी हवा संपली, सूर गेला, आणि हात वरच राहिला.

मंडळी थांबली. पाळकसाहेब थांबले. बऱ्याच वेळानं हात खाली आला. पुढच्या रविवारी त्याहून उशिरा. तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं? मंडळीला तेच वाटलं. "आपल्याला न येनारं काकास्नी ऐकू येतंय," बायका म्हणू लागल्या. पाळकसाहेबांनी उपदेशात त्यांचं उदाहरण दिलं. नेवाशाहून एक बाई आपलं आजारी लेकरू घेऊन आली आणि डोक्यावर हात ठेवा म्हणाली. काकांनी ठेवला. ती काय म्हणाली हे त्यांना कळलंच नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं.

समजलं ते असं. मी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेले. ते अंगणात माझ्याकडे पाठ करून बसले होते. मी तीन हाका मारल्या. ते वळले ते माझी सावली पुढ्यात पडल्यावर. "सलाम, बाई," म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ओळखलं की मला कळलंय.

खिशातून त्यांनी कानाचं मशीन काढलं. नगरच्या डॉक्टरांनी दिलेलं. ते लावून म्हणाले, "ह्यानं मान्सांचं बोलनं जरा येतं. पन पेटी म्हंजे पत्रा घासल्यागत. म्हून तितं काढून ठिवतो."

"मग हात का वर धरता एवढा वेळ?"

"कदी संपतं त्ये कळत न्हाई ना. लवकर खाली घेतला आन् तुमचं आजून चालू असलं, तर मदीच मोडंल."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "पण काका, इतकी वर्षं ऐकलंत. आतून तर येत असेल?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "बाई, तुमी बी?"

मी मान खाली घातली.

"आत मिल चालू हाय," ते म्हणाले. "येकसारकी. कान गेलं आन् ती परत आली. तिच्यासंगं राग बी आला. परवा हिच्या अंगावर ताट फेकलं म्या. मला वाटलं हुतं, आवाज गेला तरी तितं बसल्यालं राहील कुनीतरी. कुनी न्हाई, बाई. त्यो आवाजातच हुता."

काकू चहा घेऊन आल्या. त्यांच्या कपाळावर पट्टी होती.

मी काय केलं असेल? मंडळीला खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. आम्ही खूण ठरवली. सूर संपला की मी मान हलवायची, मग त्यांनी हात खाली घ्यायचा. चार रविवार हे नाटक चाललं. पूर्वी डोळे मिटून बसणारे काका आता टक लावून माझ्या मानेकडे बघायचे. मला ती नजर सहन होत नव्हती. चौथ्या रविवारी सगळे गेल्यावर मी त्यांचा हात धरून पेटीवर ठेवला आणि सूर धरला. वाटलं, हाताला तरी काही कळेल. त्यांनी माझं मन राखायला बराच वेळ हात ठेवला.

"लाकूड हालतंय नुसतं," ते म्हणाले.

पाचव्या रविवारी माझा सूर चालू असतानाच त्यांनी हात खाली घेतला, उठून उभे राहिले आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मला काय बी ऐकू येत न्हाई. लई दिस झालं." आणि निघून गेले.

मला वाटलं, सुटले बिचारे. तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बगा, किती नम्र मानूस!" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पाळकसाहेबांनीसुद्धा. मी तेव्हाही गप्प बसले.

ते परत आले नाहीत. मागच्या उन्हाळ्यात गेले. शेवटी शेवटी भावाशीही पुन्हा बोलणं तुटलं होतं, असं काकू म्हणाल्या. दफनाच्या वेळी भाऊ लांब, फाटकापाशी उभा होता.

आता आमच्याकडे गीत संपलं की सगळी मंडळी हात वर करते. काकांची आठवण म्हणून. पाहुणे येतात त्यांना फार भक्तिभावाचं वाटतं.

गेल्या रविवारी मी सूर धरलाच नाही. गीत संपल्याबरोबर बोट उचललं आणि भाता मिटून टाकला. पेटी गप्प. पन्नासेक हात वर होते, डोळे मिटलेले होते. मी वाट पाहिली, कुणीतरी डोळे उघडेल, विचारेल, बाई, आज सूर का नाही धरला? बऱ्याच वेळानं पाळकसाहेबांनी हात खाली घेतला, मग बाकीच्यांनी घेतले, आणि सगळे चपला घालायला बाहेर गेले.