उसाच्या गाडीवरची झोप

आमच्या सणसरच्या वस्तीत कचरूतात्यांइतका सांगितलेलं ऐकणारा माणूस मी पाहिला नाही. विहारात कुणी म्हटलं, चपला रांगेत ठेवा, की तात्या दुसऱ्यांच्याही सरळ करून ठेवायचे. डॉक्टरांनी गोळी जेवल्यावर घ्या म्हटलं, तर हात धुवायच्या आधी गोळी मागायचे. त्या ऐकण्यानंच त्यांचा घात केला, असं लोक म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. झालं तसं सांगते.

हंगामात तात्या आपली टायरगाडी जुंपून कारखान्याला ऊस ओढायचे. गाडी भरली की मोळ्यांवर घोंगडं टाकायचे आणि झोपायचे. सगळेच गाडीवान झोपतात. बैलांना वाट पाठ असते. अवघड जागा एकच, कालव्याचा पूल. पुलाचा चढ लागला की गाडीचा हिसका बदलतो आणि गाडीवानाला आपसूक जाग येते. मग तो खाली उतरतो, बैलांच्या पुढं होऊन त्यांना दाबून धरत उतारावरनं नेतो. नाहीतर भरल्या गाडीचा सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. तात्यांची ती जाग कधी चुकली नव्हती.

शहाण्णव सालच्या हंगामात मोळी उचलायला वाकले आणि पाठ धरली. सरळच होता येईना. त्यांची बायको चतुराकाकू आणि मी शेजारीण, दोघी त्यांना बारामतीला घेऊन गेलो. डॉक्टर प्रियदर्शनी आमच्याच समाजातली मुलगी. तात्यांना तिचं भारी कौतुक.

ती म्हणाली, "तात्या, पाठीचे स्नायू आवळलेत, ही गोळी ते सैल करील. रात्री झोपताना एकच. दुखलं म्हणून दुसरी घ्यायची नाही, आपली दुसऱ्याला द्यायची नाही. हिनं फार गुंगी येते. घेतल्यावर गाडी, मोटर, विहीर, कशाच्या जवळ जायचं नाही. काही जणांना हलवलं तरी जाग येत नाही."

"झोपताना एक," तात्या म्हणाले. "लेकीचा शब्द मोडायचा न्हाय."

"माझा तेवढा रोज मोडता," काकू म्हणाल्या. डॉक्टर हसली. आम्हीही हसलो.

घरी पाच-सहा दिवस ठीक गेले. रात्री गोळी घेतली की तात्या दगडासारखे पडायचे. सकाळी काकू दोन-दोन हाका मारायच्या तेव्हा कुठं डोळे उघडायचे. पाठ हलकी झाली तसे ते परत गाडीवर गेले.

त्या दिवशी दिवस कलताना मी शेरडांना वाढं, उसाचे हिरवे शेंडे, आणायला फडात गेले. गाड्या नुकत्याच गेल्या होत्या. काकू बांधावर भाकरी खात बसल्या होत्या.

"तात्या गेले?"

"गेले की. गोळी घेतली, घोंगडं वढलं आन् दिली ताणून."

"गोळी? आत्ता?"

"झोपताना घ्यायची म्हनली न्हवं ती. मी म्हनलं, गाडीला नको म्हनलीया. तर म्हनत्यात, मी कुठं चालवतोय, बैलं जात्यात."

माझं तोंड बघूनच काकू उठल्या. भाकरी तशीच बांधावर राहिली.

सडकेला वळसा आहे. आम्ही कालव्याच्या भरावावरनं पळत सुटलो. मी मनात नुसतं 'पूल, पूल' म्हणत होते. लांबून गाड्या दिसल्या. पुढची बिरू गाडीवानाची. तो खाली उतरून बैलांपुढं चालत होता. मागं तात्यांची गाडी चढाला लागली होती. घोंगडं हलत नव्हतं.

पुलापाशी खाजाभाईंचं पंक्चरचं दुकान. ते रस्त्यावर येऊन ओरडत होते, "ओ तात्या! उतार आला! उठा की!"

काकूंनी भरावावरनं हाका घातल्या. "आवं, उठा! उठा!"

खाजाभाई कासरा धरायला धावले, पण गाडी माथ्यावरनं पुढं निघाली होती. भार मानेवर आला तसा डावा बैल गुडघ्यावर बसला, गाडी आडवी झाली, आणि सगळा ऊस रस्त्यावर ओतला गेला. आम्ही तेव्हा पुलाच्या एक शेत अलीकडं होतो.

माणसांनी मोळ्या उपसल्या. तात्या सापडले तेव्हा एक जण त्यांच्या तोंडाशी वाकून म्हणाला, "ढोसली असंल."

"जीभ आवर," खाजाभाई म्हणाले. "पाणी न् चहा सोडून त्या माणसाच्या घशात काय उतरलेलं न्हाय."

"गोळी घेतलीय," मी म्हणाले. "पाठीची."

तात्यांनी डोळे अर्धे उघडले. छाती दबलेली दिसत होती, पण चेहऱ्यावर दुखण्याची खूण नव्हती.

"आला का कारखाना?"

काकू त्यांच्या उशाशी बसल्या. "आला. पडून ऱ्हावा."

त्यांना जीपमध्ये घातलं. काकूंचा हात त्यांच्या छातीवर होता. मी पायाशी बसून बुद्धं सरणं म्हणत राहिले. जीप खड्डे बघत नव्हती. बारामतीच्या अलीकडं काकूंनी हात उचलला आणि जीपवाल्याला म्हणाल्या, "आता हळू चालव बाबा."