राहीच्या व्हॅनचं पॅकिंग

खर्डीच्या पुढच्या पाड्यावरून आटगावच्या गोदामात बायकांना ने-आण करणारी व्हॅन राही चालवायची. नवऱ्याने गाडी घेतली आणि वर्षभरात त्याचे गुडघे गेले, तेव्हा ती स्वतः स्टेअरिंगवर बसली. सुरुवातीला स्टँडवरचे रिक्षावाले हसले. मग त्यांनाही सवय झाली.

त्या सकाळी थंडी कडक होती. धुक्यामुळे मागच्या तिघी बायकांनी काचा गच्च लावून घेतल्या होत्या. राहीची काच तेवढी वर जाताना अडकायची, म्हणून बोटभर उघडी. पुढच्या सीटखालच्या इंजिनातून फटफट असा आवाज परत यायला लागला होता. चारच दिवसांपूर्वी शहापूरच्या गॅरेजवाल्या चंदरदादाने तिथल्या सांध्यातलं पॅकिंग बदललं होतं. धुराचा वासही येत होता, पण वाटेवर वीटभट्ट्या पेटलेल्या, त्यांचाच असेल असं तिला वाटलं.

मग एकाएकी तिच्या लक्षात आलं, मागे कोणी बोलत नाहीये. एरवी या बायका नुसता कलकलाट करायच्या.

"सकुमावशी, आज गप का गो?"

तिने आरशात पाहिलं तर सकुबाईची मान छातीवर पडलेली, शेजारची रंगू काचेला टेकलेली. तिच्याही मागून रोशनी जड जिभेने म्हणाली, "डोकं फुटतंय गो राही..."

राहीने गाडी रस्त्याखाली घातली, इंजिन बंद केलं आणि धावत जाऊन दारं उघडली. रोशनी कशीबशी उतरली. रंगूला दंडाला धरून ओढावं लागलं. सकुबाई मात्र हलेना. राहीने तिच्या काखेत हात घालून तिला गवतावर आणलं, गालावर थापट्या मारल्या. "मावशी, डोळे उघड! ऐकतेस का?" किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग सकुबाई कण्हली, कुशीवर वळली आणि ओकली. राहीला त्या ओकारीचाच केवढा आधार वाटला.

रिक्षा थांबवून तिघींना शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सकुबाईला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, गाडीचा धूर अंगात गेलाय, आज रात्री इथेच ठेवू. तिचा मुलगा सुनिल आला. राहीकडे पाठ करून आईच्या खाटेशी बसला.

दुपारी काचा खाली करून, डोकं बाहेर काढूनच राहीने व्हॅन चंदरच्या गॅरेजवर आणली.

"दादा, तुमी कसलं पॅकिंग घातलंत? माणसं मरत होती माझी."

चंदरचा चेहरा उतरला. इंजिन निवाल्यावर त्याने नटबोल्ट सोडले. जिथे इंजिनातला जळका वायू सायलेन्सरच्या पाइपात शिरतो, त्या दोन तोंडांमधलं पॅकिंग त्याच्या बोटांत काळा भुगा होऊन आलं.

"जाड कागदाचं होतं," तो हळूच म्हणाला. "पाण्याच्या पंपाला चालतं, इथंही टिकेल वाटलं. चुकलो मी."

"मग आता टिकेल ते सांगा."

त्याने फळीवरून एक राखाडी जुना पत्रा काढला. "हे अ‍ॅस्बेस्टॉस. उष्णतेला दाद नाय देत. आता कापतो, तासात गाडी तुझी. पण कापताना याची पूड छातीत जाते. माझा उस्ताद खोकून खोकूनच गेला." पत्रा हातात धरून तो तसाच उभा राहिला. "नायतर कल्याणहून ग्राफाइटचं मागवायचं, आत पोलादी पत्रा असलेलं. लालभडक तापलं तरी जळत नाय. उद्या दुपारी येईल."

तेवढ्यात गोदामाचा सुपरवायझर प्रज्वल याचा फोन आला. "उद्या सकाळी गाडी हवी. नसेल तर किन्हवलीची गाडी कायमची लावतो. सांग पटकन."

राहीने फोन कानाशी धरून व्हॅनकडे पाहिलं. हे काम गेलं तर दुसरं कोण देणार होतं? चंदर तिच्याकडे बघत होता, पत्रा अजून त्याच्या हातात.

"उद्या माझी गाडी नाय येणार," ती फोनवर म्हणाली आणि चंदरला म्हणाली, "ठेवा ते फळीवर. कल्याणचं मागवा."

दुसऱ्या दिवशी पॅकिंग आलं, तरी चंदरने लगेच बसवलं नाही. पाइपाच्या तोंडावर लोखंडी पट्टी आडवी ठेवून त्याने बॅटरी मारली. पट्टीखालून उजेड आला. तापून तोंड वाकलं होतं. "अशावर सोन्याचं घातलंस तरी धूर गळणार," म्हणत तो ते सपाट होईपर्यंत घासत बसला. बसवल्यावर सांध्यावर साबणाचं पाणी लावून गाडी चालू केली. दोघंही श्वास रोखून वाकले. एकही बुडबुडा आला नाही. खर्डीपर्यंत जाऊन आल्यावर, गाडी निवू देऊन त्याने बोल्ट पुन्हा आवळले.

गोदामाचं काम मात्र गेलंच. मुरबाडच्या एका नर्सरीत मजूर पोचवायचं काम राहीला पुढल्या महिन्यात मिळालं. रंगू आणि रोशनीही तिच्यासोबत तिकडे लागल्या.

सकुबाई घरी आल्यावर राही तिला भेटायला गेली. सुनिलने दार उघडलं आणि तो बाजूला झाला. सकुबाई चुलीपाशी भाकरी थापत होती.

"नर्सरीत तुझ्यासाठी पण विचारलंय मावशी. येशील?"

सकुबाईने तव्यावर भाकरी टाकली. "काम करीन गो. पण तुझ्या गाडीत नाय बसणार. राग नाय तुझ्यावर, पण दार लागलं की छाती धडधडते. मी एसटीनं येईन."

"ये," राही म्हणाली. "मी नर्सरीच्या मुकादमाला सांगते, तुला थोडा उशीर होईल म्हणून."