शिवलेली पानं

भुतंखेतं, संकेत, दृष्टांत... यांवर माझा काडीचा विश्वास नाही. धुळ्याच्या मिशन शाळेतली ट्रेण्ड मास्तरीण मी. मुली भ्यायल्या की दिवा धरून त्यांना कोपरा दाखवते. तरीही हे लिहिते आहे. हसायचं तर हसा.

मानमोडीच्या तापाची साथ आली, ते साल. माझे थोरले भाऊ चोपड्याला उपदेशक. गावोगाव आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत फिरले, आणि इकडे त्यांची एकुलती एक, आईविना वाढलेली लेक शांता त्याच तापानं गेली. भाऊंनी अन्न टाकलं. मी रजा काढून चोपड्याला येऊन राहिले, तर डोळ्यांदेखत वाळत चालले होते.

आमच्यात 'वचन काढायची' रीत आहे – डोळे मिटून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं, बोट पडेल ते आपल्यासाठी देवाचं बोलणं. भाऊंचं बोट रोज एकाच पानावर पडे. यहुदी संदेष्टा नगराला शिक्षा सुनावतो, ते पान. "मन्हा न्याय व्हई गया," म्हणत आणि ताट सरकवत.

मला संतापच आला. पुस्तक पाहिलं तर पाठीची शिवण नेमकी तिथेच उसवलेली!

"भाऊ, ते तिथेच उघडणार ना!"

"आन ती शिवण उसवी कोनी?"

कपाळ माझं! "शिक्षा सांगताना तो संदेष्टा स्वतः रडतो, भाऊ. पुढे वाचा की जरा." ऐकेनात. मग मीच दाभण घेऊन पुस्तक शिवलं – आणि रागाच्या भरात पुढची पानंही टाक्यात आली. उघडेनात. उद्या उसवू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घराला कुलूप लावून आम्ही दोघं कबरस्तानात गेलो. परतलो तर शेजारच्या राधाबाई ओट्यावर बसलेल्या. बाई माळकरी, अक्षरओळख नाही.

"आक्का, काय ग्वाड वाचत व्हती तू! माय पोरेसकरता रडस, उगी ऱ्हायेना... मंग देव सांगस, डोया पूस, त्या माघारी येतीन."

किल्ली माझ्या कमरेला होती.

आत पुस्तक जागच्या जागी, पानं शिवलेलीच. भाऊंनी विळीवर दोरा कापला. आत तेच निघालं – लेकरांसाठी रडणारी आई, आणि देवाचं आश्वासन. शांता गेल्यापासून भाऊ पहिल्यांदा रडले, अगदी मोठ्यानं. मग म्हणाले, "भाकर वाढ."

शांतानंच कधीतरी वाचलेलं बाईंना आठवलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. तरी राहवेना. विचारलं, आवाज माझाच होता ना?

"नही व, बारीक व्हता. दर शबदले थांबे."

शांता तशीच वाचायची, अक्षराखाली बोट धरून. पण त्या दुपारी कुलूपबंद घरात कोण वाचत होतं... दिवा धरून खूप पाहिलं. मला अजून कळलेलं नाही.